इथेल औषधवाल्याची बाटली

इथेल प्रोसर पुढे पार्लमेंटात गेला आणि वेल्समधल्या कुळांसाठी भांडला, हे आमच्या पेन्त्रेवेनमध्ये लहान पोरसुद्धा सांगेल. पण त्याआधी तो चौकातला सव्वीस वर्षांचा औषधवाला होता. राजकारणाचा विषय निघाला की मागच्या खोलीत जाऊन गोळ्या वळत बसायचा. "खोकला दोन्ही पक्षांना होतो," म्हणायचा. "मला दोघंही गिऱ्हाईक."

तो माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. त्यामुळे ही गोष्ट माझ्याकडे घरातूनच आली आहे.

दुकानाच्या दर्शनी काचेत दोन मोठ्या बाटल्या असत, लांब मानेच्या, कमरेएवढ्या उंच. एकीत निळं पाणी, दुसरीत लाल. इथेलच्या आजोबांनी त्या ब्रिस्टलहून पेंढ्यात गुंडाळून आणल्या होत्या. वाडवडिलांचं म्हणावं असं घरात तेवढंच, त्या बाटल्या आणि बायबल. इथेलची आई ग्वेन्लियन, तिला सगळे मॅम म्हणत, ती बाटल्या स्वतः पुसायची. दुसऱ्या कुणाची बोटं लागलेली तिला खपत नसत.

१८६८ची निवडणूक आली. तेव्हा मत चारचौघांत, मोठ्याने सांगून द्यावं लागे. जमीनदाराचा रंग निळा, आम्हा चॅपलवाल्यांचा, म्हणजे जमीनदाराच्या चर्चात न जाणाऱ्यांचा, लाल. उमेदवारांच्या भाषणांसाठी फळ्यांचा मंच उभा राहिला तो नेमका दुकानासमोर.

भाषणांच्या दिवशी सकाळीच जमीनदाराचा कारभारी कॅप्टन लॉकयर दुकानात शिरला. "प्रोसर, दुपारी साहेब मंचावर येणार. समोर तो लाल रंग नको. दोन्ही बाटल्या निळ्या कर. घर कुणाचं आहे ते आठवतंय ना?"

"आठवतंय, कॅप्टनसाहेब."

घर जमीनदाराचंच होतं, भाडेपट्टा वर्षावर्षाचा.

कॅप्टन गेल्यावर मॅम म्हणाली, "पटकीच्या साली तुझ्या आजोबांनी ह्या साहेबाच्या बापाला औषधासाठी सगळ्यांसारखं रांगेत उभं केलं होतं."

"आजोबांना आईला सांभाळायचं नव्हतं."

"मी काय पाळण्यात आहे?" असं म्हणून तिने तणतणत लाल बाटली उपसून रिकामी केली.

निळ्या पाण्याला मोरचूद लागतो. पण त्या महिन्यात मेंढ्यांचे खूर सडत होते, सगळा मोरचूद डोंगरातल्या मेंढपाळांनी नेला होता. मग इथेलने लिटमसचा निळा अर्क घागरभर पाण्यात कालवला. दुपारी चौक गच्च भरलेला असताना तो शिडीवर चढला. बाटलीच्या तळाशी चार बोटं पाणी दिसत होतं, त्याने लक्ष दिलं नाही. बाहेर माणसं काचेला नाकं लावून उभी. जोडे शिवणारा कॅराडॉग आमच्या चॅपलचा डीकन, म्हणजे पंचच, जिभेने तिखट. तो म्हणाला, "बघा रे, औषधवाल्याने स्वतःलाच गुंगीचा डोस दिला."

इथेलने निळी धार सोडली. ती तळाला टेकली आणि लाल झाली. गोंधळून त्याने आणखी ओतलं, तेही लाल.

तळाशी होतं ते पाणी नव्हतं. काचेवरचे डाग निघावेत म्हणून मॅमने तिथे कडक व्हिनेगर ओतून ठेवलं होतं, आणि आंबट लागलं की लिटमस लाल होणारच.

बाहेर टोप्या उडाल्या. कुणीतरी स्तोत्र उचललं, चार सुरांत अख्खा चौक गाऊ लागला. कॅप्टन कोपरं मारत आत आला. एव्हाना मॅमने व्हिनेगरचं कबूल केलं होतं, इथेलने त्याला खरं ते सांगितलं. कॅप्टनच्या जिवात जीव आला. "मग हेच बाहेर सांग. चूक झाली म्हण, पुन्हा निळी कर. घर तुझंच."

इथेल दारातल्या स्टुलावर उभा राहिला. "कॅप्टनसाहेब म्हणतात खरं सांग, तर सांगतो. हा चमत्कार नाही, माझी हिंमतही नाही. आईने बाटलीत व्हिनेगर ठेवलं होतं, मला ठाऊक नव्हतं. मी निळीच करायला चढलो होतो. भीतीने."

गाणं थांबलं. टोप्या खाली आल्या. कॅप्टन मान डोलावू लागला.

"घरासाठी भ्यायलो, भावांनो."

इथे त्याचा आवाज पालटला. आमचा उपदेशक रंगात आला की बोलणं मागे पडतं आणि सूर लागतो. इथेलला तोच सूर लागला, आयुष्यात पहिल्यांदा. "भिंत साहेबांची, छप्पर साहेबांचं. चूल साहेबांची, उंबरा साहेबांचा. पण देवाने दिलेली जीभ, ती कुणाच्या पट्ट्यावर?"

"कुणाच्याच नाही," म्हाताऱ्या बायकांनी आमेनच्या चालीत उत्तर दिलं.

"मघाशी लाल झाली ती न कळत. आता कळून सांगतो, ती लालच राहील, आणि माझं मतही."

"शनिवारी घर रिकामं कर," कॅप्टन म्हणाला.

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं?" कॅराडॉगने बाह्या सारल्या. "माझं अर्धं दुकान आजपासून ह्याचं. चला रे, उचला."

चाळीस माणसं आत घुसली. बरण्या, तराजू, खलबत्ते हातोहात निघाले. मॅमचं ताटाळ्याचं ओकच्या लाकडाचं कपाट सहा जणांच्या खांद्यावर चढलं, आणि ती पुढे चालत ओरडत होती, "तो कोपरा सांभाळा, दांडगटांनो, माझ्या लग्नातलं आहे."

साहेब भाषणाला उभे राहिले तेव्हा चौकात ऐकायला कॅप्टन होता आणि एक कुत्रं. बाकीचं गाव डीकनच्या दारात जमलं होतं. कपाट आत जाईना, म्हणून दाराची चौकट उखडणं चाललं होतं.