तिसऱ्या कडव्यातले डॅडी

तिसऱ्या कडव्यात डॅडींना मारायची अक्कल वेंडेलची. वेंडेल फ्यूगेट बँजो वाजवायचा, डेलीन स्टॅम्पर गिटार. गाणी दोघं मिळून लिहायची, म्हणजे ती लिहायची आणि तो खोडायचा. केंटकीच्या बंद खाणींवरची, सोडलेल्या घरांवरची अशी पाच गाणी झाली होती. शेवटचं तिच्या वडिलांवर.

"बाप ठणठणीत असेल तर रडणार कोण?" वेंडेल म्हणाला होता. "देवाघरी धाड त्यांना."

डेलीनने धाडलं. टोपी खिळ्याला, ओसरीवरची खुर्ची रिकामी. खरे ऑर्विल स्टॅम्पर रोज त्याच खुर्चीत बसलेले असत, टोपीसकट. ती टोपी ते जेवतानाही काढत नसत. रस्त्याने कुणाची अंत्ययात्रा गेली तरच काय ती उतरे. लेकीच्या कार्यक्रमाला मात्र ते आजवर एकदाही फिरकले नव्हते. "डोंगरात सगळेच गातात, त्यात काय बघायचं?" म्हणायचे. हे डेलीनला फार लागायचं. शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात गाण्यांचं प्रकाशन होतं. या वेळी तरी ते येतील का, या विचाराने तिला घास गोड लागत नव्हता.

गुरुवारी सकाळी गावच्या रेडिओने कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी नेमकं तेच गाणं लावलं. वर निवेदकाने "ऑर्विल स्टॅम्पर यांच्या स्मृतीस" असं मनाचंच ठोकून दिलं. दहा वाजता डेलीनचा फोन वाजला.

"पोरी, मी गेलोय म्हणे," डॅडी म्हणाले. "ये लवकर. हॅम गार होतंय."

ती धावतच गेली. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. डुकराच्या तंगड्यांचे तीन भाजलेले हॅम, चीज घालून भाजलेले बटाटे, भरलेली अंडी, केळ्याचं पुडिंग. माणूस गेलेल्या घरात चूल पेटू द्यायची नाही, ही डोंगरातली रीत साऱ्या गावाने एका सकाळीत पाळली होती. प्रत्येक भांड्याच्या तळाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी होती.

"दार मीच उघडलं," डॅडी म्हणाले. "मर्टल नोबल केवढ्यांदा किंचाळली! मग म्हणाली, आता आणलंच आहे तर खा मेल्या."

"आणि तुम्ही ठेवून घेतलंत?"

"मेलेल्या माणसाने नाही कसं म्हणायचं?"

"चुकलं माझं, डॅडी. आधी त्या वेंडेलचा गळा दाबते, मग कडवं काढून टाकते."

ते पुडिंग खात राहिले. गाणं कसं वाटलं, हे विचारायचा तिला धीर होईना. वाटी चाटूनपुसून झाल्यावर ते म्हणाले, "ही भांडी परत करायला हवीत. या साऱ्या बायका एका जागी कुठे भेटतील?"

"शनिवारी. माझ्या कार्यक्रमाला."

"मग तिथेच देतो. गावभर कोण हिंडणार?"

शनिवारी ते धुतलेल्या भांड्यांची दोन खोकी घेऊन आले. "मेल्यावर तब्येत सुधारली रे तुझी!" म्हणत लोकांनी पाठ थोपटली. ते पहिल्या रांगेत बसले आणि चार गाणी होईपर्यंत बुटांकडे बघत राहिले.

पाचव्या गाण्यात दुसरं कडवं संपलं आणि डेलीन थांबली. तिने डॅडींकडे पाहिलं.

"थांबलीस का?" पहिल्या रांगेतून डॅडी गुरगुरले. "मार की आता. एवढं जेवलोय मी."

सगळे खदखदून हसले. डेलीनने डोळे पुसले आणि तिसरं कडवं धरलं. पहिल्याच ओळीला तिचा सूर हलला, तो वेंडेलने सावरला. ऑर्विल स्टॅम्परनी डोक्यावरची टोपी काढली आणि गाणं संपेपर्यंत छातीशी धरून ठेवली.