राखून ठेवलेली पुडकी

दुसरी काच फुटली तेव्हा दुकानदार टेबलाखाली होता आणि त्याची ताई टेबलामागे खुर्चीवर ताठ बसून होती.

“बाहेर ये,” ती खाली न बघता म्हणाली. “बहात्तर वर्षांचा घोडा झालास, लपतोस काय?”

“तूच खाली ये.”

“माझे गुडघे वाकतात होय?”

तेवढ्यात दार बिजागऱ्यांसकट आत पडलं. सात-आठ जण होते. दंडाला काळ्या फिती, हातात सळया. पहिल्या तडाख्यात शिडी मोडली. दुकान काढलं त्या वर्षी वडिलांनी ती स्वतः रंधा मारून केली होती. दुसरा तडाखा खिडकीजवळच्या स्टुलावर बसला. त्या स्टुलावर बसून कोणीही, काहीही, फुकट वाचावं अशी दुकानात मुभा होती.

दुकानदाराला कॉलर धरून बाहेर ओढलं ते लाँड्रीवाल्याच्या थोरल्याने. लहानपणी याच स्टुलावर तो जहाजांची पुस्तकं घेऊन बसायचा आणि बोटाला थुंकी लावून पान उलटलं की ताईची फुटपट्टी खायचा.

“काका,” तो अगदी अदबीने म्हणाला, “गोळीबाराचं पुस्तक कोणासाठी मागवलंत?”

“कुठलं पुस्तक?”

सळई खांद्यावर बसली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज दुकानदाराला आधी ऐकू आला, दुखलं नंतर.

“चौकात मेलेल्यांची नावं आहेत ज्यात, ते. मारणाऱ्यांचीही आहेत म्हणे. एकच प्रत आलीय. मागवणाऱ्याचं घर सांगा, की आम्ही चाललो.”

दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकाने पुस्तक सांगितलं की ते मागवायचं, तपकिरी कागदात बांधायचं, सुतळीत नाव-पत्त्याची चिठ्ठी खोचायची आणि माणूस येईपर्यंत मागच्या फळीवर ठेवायचं. मग महिना लागो की वीस वर्षं. वडिलांनी असं पुडकं कधी परत पाठवलं नाही, दुसऱ्याला विकलं नाही. माणसं गाव सोडून गेली, वारली. पुडकी थांबून राहिली. कधीतरी कोणाची मुलगी यायची, बिचकत बापाचं नाव सांगायची आणि दुकानदार शिडी चढायचा. दुकान चालतं ते त्या फळीमुळे, असं ताई म्हणायची. बुडणार तेही त्या फळीमुळेच, असंही तीच म्हणायची.

गोळीबाराचं पुस्तक सांगितलं होतं सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने. चौकातल्या गोळीबारात तिचा भाऊ गेला होता.

“याच्यावर नाव लिहू नकोस, मेल्या,” ताईने बजावलं होतं. त्याने मान डोलावली होती. पण सुतळी बांधता बांधता हाताने आपलं पन्नास वर्षांचं काम केलं: पूर्ण नाव, वॉर्ड चार, नर्सेस क्वार्टर्स, खोली अकरा. हे त्याला आत्ता आठवलं.

“म्हातारे, तू सांग,” लाँड्रीवाल्याचा थोरला ताईकडे वळला.

“मला कुठे वाचता येतं?”

“पुस्तकांच्या दुकानात बसून?”

“तूही बसत होतास की. तुला आलं?”

त्याने तिच्या थोबाडीत मारली. तिची कवळी टेबलावरून घरंगळत गेली. कोणीतरी हसलं, आणि बुटाने ती चिरडली.

बाहेर रस्त्यावर पुस्तकांचा ढीग पेटला होता. दुपारच्या उन्हात ज्वाळा नीट दिसतही नव्हत्या, नुसती हवा थरथरत होती.

“दादा, इकडे पुडकी आहेत,” मागून एकजण ओरडला. “सगळ्यांवर नावं!”

“अरे हो,” थोरला हसला. “काका, तुमची रीत विसरलोच की मी. काढा रे बाहेर. उजेडात वाचू.”

“मी आणतो,” दुकानदार म्हणाला. आपला आवाज इतका मोठा निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. “तुम्ही ओढाल. चिठ्ठ्या पडतील.”

सगळे खो खो हसले. “आणू दे, आणू दे. जपून हं, काका.”

उजवा खांदा लटकत होता. मागून ओरडलेल्याने वरून काढून दिली तशी त्याने डाव्या हातावर पुडकी रचून घेतली. मधलं, नव्या कागदातलं, सिस्टरचं. वर आणखी, पार हनुवटीपर्यंत. सगळ्यात वर आलं ते पंधरा वर्षांपूर्वीचं, जाडजूड. उंबरा ओलांडून तो बाहेर आला. थोरल्याने हात पुढे केला. दुकानदार त्या हाताला वळसा घालून, कोणाच्या पायावर पाय पडू नये अशा बेताने चार पावलं चालला, आणि हातातली सगळी पुडकी त्याने आगीत टाकली.

क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. मग त्याला पालथा पाडला आणि थोरल्याने त्याचा उजवा हात रस्त्यावर दाबून त्यावर सळई हाणली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

“कोणाचं होतं? बोल!”

“तुझंही होतं त्यात,” दुकानदार म्हणाला. तोंडात रक्त आलं होतं. “वरचं. तुझ्या बापाने सांगितलेलं. पोरगं पास झालं की नेतो म्हणाला होता. जहाजांचं.”

थोरल्याने आगीकडे पाहिलं. मग दुकानदाराच्या तोंडावर लाथ मारली.

फळीवर उरलेल्या पुडक्यांच्या चिठ्ठ्या त्यांनी एकेक करून वाचल्या. त्यातली बरीचशी माणसं मेलेली होती.

दवाखान्यात, वॉर्ड चारमध्ये, सिस्टरनेच त्याच्या बोटांना फळ्या बांधल्या. शेजारी ताई तोंडाला पदर लावून बसली होती.

“काय गुरं आहेत का माणसं,” सिस्टर पुटपुटली. “दुखतंय का, काका?”

“नाही.”

तिने इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. “माझं पुस्तक... आलं होतं का हो?”

ताईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कवळी नव्हती; शब्द आतल्या आत राहिला.

“नाही,” दुकानदार म्हणाला. “अजून आलं नव्हतं. पुन्हा मागवतो.”

“असू दे आता. तुम्ही बरे व्हा.” तिने खिशातून पेन काढलं, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर त्याचं नाव आणि खाटेचा नंबर लिहिला आणि दोरा ओवून ती त्याच्या डाव्या मनगटाला बांधली. गाठ नीट बसली की नाही ते दुकानदाराने निरखून पाहिलं.

“घट्ट झाली का?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “बरोबर आहे.”