थरथरत्या रेघेचा घोडा

उमेदीच्या काळात माझी रेघ अशी जिवंत उतरायची, की एकदा भिंतीवर नुसती दोरी रंगवली तर शेजारीण तिच्यावर धुणं वाळत घालून गेली. वाळलंही! खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा. ती माझ्याहून थापाडी आहे.

मग आजारपण आलं. गेलं, पण उजव्या हाताला कापरं ठेवून गेलं.

नेमका तेव्हाच नाटकवाल्यांचा निरोप आला: पडद्यावर धावता घोडा हवा. आमच्या घरची पद्धत ठरलेली. मी कापडावर खडूनं रेघ काढायची, बायकोनं ती दोऱ्यानं भरायची आणि धाकट्या भावानं तीच तारेत वाकवून नाट्यगृहाच्या दारावर लावायची. मी मनाशी म्हटलं, हा घोडा साधला तर ठीक, नाहीतर खडू कायमचा खाली.

मानेपासून शेपटीपर्यंत एका दमात रेघ ओढली. घोडा कसला, पावसात भिजलेली शेळी!

“पुसून टाक,” बायकोला म्हणालो, “आणि त्यांना सांग, दुसरा चित्रकार बघा.” आणि तणतणत बाहेर पडलो.

परत येतो तर निम्मा घोडा भरून झालेला. एकूण एक थरथर जशीच्या तशी टाक्यांत.

“अगं, पुसायला सांगितलं होतं ना?”

“हातात सुई असली की मला कमी ऐकू येतं.”

कोपऱ्यातून भाऊ करवादला, “दादा, वहिनीची सुई पळते रे, पण ही वळणं वाकवून माझी बोटं सोलली!”

“मग सरळ का नाही वाकवलीस?”

“तुझ्या रेघेत ढवळाढवळ करू? वहिनी जेवायला वाढेल का मला?”

प्रयोगाला मी शेवटच्या रांगेत अंग चोरून बसलो. वाऱ्यानं पडदा हलला आणि ती थरथर घोड्याच्या अंगावरून अशी सरसरत गेली, की पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. एकाच्या तर डोळ्यांत टापांची धूळ गेली. मीच मागून रुमाल पाठवला.

घरी आल्यावर बायकोला म्हटलं, “तुला सरळ करता आली असती ती रेघ.”

“आली असती की. पण मग घोडा माझा झाला असता. मला तुमचा हवा होता.”

यावर काहीतरी फुशारकी मारायला तोंड उघडलं, पण एक थाप सुचेल तर शपथ! उठलो, भावाच्या बोटांना मलम लावलं, तिघांचा चहा केला. निम्मा बशीत सांडला, तरी दोघांनी मुकाट्यानं प्यायला.

“उद्या नवं कापड ताणून ठेव,” मी बायकोला म्हणालो.

“लहानसं काहीतरी काढ रे दादा,” भाऊ बोटांवर फुंकर घालत म्हणाला.