भिंतीकडे तोंड केलेला पंखा

मी एक जुना टेबलपंखा आहे. जाळी लोखंडाची, आवाज भसाडा, पण वारा विचाराल तर अजूनही झकास! मित्रांनो, कारखान्यातून निघालो तो थेट एका रफूच्या दुकानात आलो. तिथे मावशी बसते. ती कोटाचे भोक असे भरते की ते कुठे होते हे मालकालाही सापडत नाही. हा पंखा आहे म्हणून माझा हात चालतो, असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मी फुशारून जायचो.

मावशीची एक खोड होती. टाका घेताना ती पापणी लवू देत नसे. लवली की धागा चुकतो, असे तिचे म्हणणे. पुढे डोळे चुरचुरू लागले, घळाघळा वाहू लागले. पाणी सुकावे म्हणून तिने मला अगदी तोंडासमोर आणले. मीही जीव तोडून वारा घातला, पण पाणी वाढतच गेले. एकदा काळ्या कोटावर निळा धागा भरला गेला. तेव्हा मावशी सुई ठेवून नुसती बसून राहिली. हे काम गेले तर मी करू काय, एवढेच म्हणाली.

शेजारी इस्त्री करणारी तिची भाची तिला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मावशी परतली ती फणफणतच. "म्हणे डोळे कोरडे पडलेत! धारा लागल्यात आणि कोरडे?"

भाचीने समजावले. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो. पापणी लवली की तो पसरतो, वारा लागला की सुकतो. तो टिकला नाही की डोळा चुरचुरतो आणि नुसतेच पाणी सोडतो. त्या पाण्याचा थर धरत नाही. शिवाय अशा डोळ्यात ऑक्सिजनचे काही द्वाड कण माजतात आणि पेशींना इजा करतात. तिने माझ्या जाळीवरून बोट फिरवले. बोट तांबडे झाले.

"हा गंज बघ. साधारण असंच. म्हणून थेंबांत गंज रोखणारं औषधही आहे. त्यावर अजून अभ्यास चाललाय, पण फरक पडेल म्हणाल्या. आधी हा पंखा वळव."

झाले! माझे तोंड भिंतीकडे गेले आणि कौतुकही बंद पडले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मावशी नेमाने थेंब घालू लागली. ती पापणी विसरली की भाची इस्त्रीपाशी बसूनच खाकरायची. हळूहळू डोळे निवळले. काल तिने पुन्हा एक काळा कोट भरला आणि मालक उजेडात धरून भोक शोधत राहिला. तो गेल्यावर मावशीने शिवणयंत्राच्या तेलाची कुपी उचलली.

"तुलाही हवेत की रे थेंब," म्हणाली आणि माझी जाळी पुसू लागली.

मित्रांनो, डोळे भरून आले म्हणून ते ओलेच आहेत असे समजू नका. पापणी लवू द्या. आणि घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्यालाही थेंबभर तेल द्या.