आत कोणी नाही

मित्रांनो, कारखान्याच्या दारावर कार्ड टेकवले की हिरवा किंवा लाल दिवा दाखवणारा काळा डबा तुम्ही पाहिला असेल. मी त्यांच्यापैकीच एक, आता जुना झालेला. रायपूरजवळच्या उरला भागात, तारांच्या एका कारखान्यात माझे आयुष्य गेले. आज मी तिथल्याच अडगळीच्या खोलीत पडून आहे.

तारा ॲसिडने धुतात त्या शेडच्या दाराबाहेर मला बसवले होते. दाराच्या आतल्या बाजूला माझा जुळा भाऊ होता. आत जाताना लोक माझ्यावर कार्ड टेकवत, बाहेर येताना त्याच्यावर. आम्ही कार्डाचा नंबर भिंतीमागच्या पेटीला कळवायचो. पेटी नाव शोधायची, दार उघडायची आणि आत कोण आहे ते साहेबांच्या स्क्रीनवर दाखवायची.

बीरगांवची कलावतीबाई रोज सायकलवरून यायची. तिचे आजोबा भंडाऱ्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले होते, असे ती सांगे. ॲसिडच्या वाफेने माझा चेहरा धुरकटला की ती पदराने पुसून द्यायची. मला ते फार आवडे. तिची मैत्रीण मीराबाई तिला हसायची, डब्याची काय सेवा करून राहिली म्हणायची.

मग नवी कार्डे आली. त्यांच्यावर अंगठा ठेवायला छोटी जागा होती. ज्याचे कार्ड त्याचाच अंगठा असला तरच ते चालायचे. आता एकाच्या जागी दुसरा येणे शक्यच नाही, असे सगळे म्हणाले. आम्हाला मात्र तसेच ठेवले, कारण नवी कार्डे आमच्यावरही चालतील, असे विकणाऱ्याने सांगितले होते.

जोडणी करायला यशदीप नावाचा तरुण कारागीर आला होता. त्याने सुरक्षेचे अधिकारी शिशिरसाहेब यांना समजावले की नव्या कार्डांचा नंबर लांब आहे आणि जुन्या पेटीत तो पूर्ण मावत नाही. ती फक्त शेवटचे आकडे ठेवते. दोन कार्डांचे शेवटचे आकडे सारखे निघाले, तर पेटीला ती दोन माणसे एकच वाटतील. पेटीही बदलावी लागेल.

साहेबांनी एक कार्ड माझ्यावर टेकवले. मी हिरवा झालो. "दार उघडतंय ना? मग झालं," ते म्हणाले.

थोड्याच दिवसांत कलावतीबाई तक्रार घेऊन आली. ती रजेवर घरी असताना फोनवर तिची हजेरी लागल्याचा निरोप आला होता. शेडमधल्या स्टोअरचे काम पाहणाऱ्या मोनालीची हजेरी तर लागतच नव्हती. साहेबांनी दोघींना सांगितले की महिन्याच्या शेवटी हाताने दुरुस्त करू. दोघी परत गेल्या. त्यांच्या तक्रारीवरून पेटी मात्र कोणी तपासलीच नाही.

एके दुपारी जेवणाची सुट्टी झाली. सगळे कार्ड टेकवून बाहेर आले, मोनालीही आली. कलावतीबाई मात्र हातातले तारेचे वेटोळे धुऊन घ्यावे म्हणून मागे थांबली होती. तेवढ्यात आत ॲसिडची नळी फुटली. दाराच्या फटीतून पिवळसर वाफ बाहेर येऊ लागली आणि भोंगा वाजला.

शिशिरसाहेब धावत आले. त्यांनी फोनवर स्क्रीन पाहिली. आत कोणी नाही, असे तीवर लिहिले होते. त्यांनी दार घट्ट बंद करायला सांगितले, म्हणजे वाफ पसरणार नाही, आणि दमकलची, म्हणजे आगीच्या बंबाची, वाट पाहायला लावली.

मीराबाई जेवणाचा उघडा डबा हातात घेऊनच पुढे आली. कलावती जेवायला आली नाही, असे ती सांगू लागली. साहेबांनी पुन्हा स्क्रीन दाखवली.

"स्क्रीन राहू द्या साहेब," मीराबाई म्हणाली. "मले कलावती दाखवा."

तेव्हा मागून मोनालीचा आवाज आला. "सर, माझं कार्ड तिच्याच नावावर पडतं. मी बाहेर आली, तर ती आली असंच दिसून राहिलं असेल."

कोणी काही बोलायच्या आत मीराबाईने ओला पदर तोंडाला गुंडाळला आणि कार्डावर अंगठा ठेवून ते माझ्यावर टेकवले. मी हिरवा झालो. मित्रांनो, इतकेच माझ्या हातात होते. तोंडाला मास्क लावून पहारेकरी दयाराम तिच्यामागे आत धावला.

दोघांनी कलावतीबाईला ओढत बाहेर आणले. ती दारापासून थोड्याच अंतरावर पडली होती. ती वाचली, पण तिच्या छातीत पूर्वीचा दम राहिला नाही. सायकल सुटली, काम सुटले. दोन वाक्ये बोलली तरी तिला थांबावे लागते, असे मीराबाई इतरांना सांगताना मी ऐकले.

चौकशी झाली. जुने यंत्र बिघडले होते, असे ठरले. मला आणि भावाला भिंतीवरून काढले आणि नव्या पेटीसह नवे डबे बसवले. मी बिघडलो नव्हतो. माझ्या कानावर आलेला प्रत्येक नंबर मी जसाच्या तसा पुढे दिला होता. पण हे विचारायला अडगळीच्या खोलीत कोण येणार?

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, दारांवर यंत्रे बसवाल. नवे आणताना ते जुन्याशी जुळते का, हे पुरते तपासा. दिवा हिरवा झाला म्हणून थांबू नका. साधी तक्रार घेऊन कोणी आले, तर ती महिनाअखेरीवर टाकू नका. आणि भोंगा वाजल्यावर एखादी बाई म्हणाली की माझी मैत्रीण दिसत नाही, तर आधी दार उघडा.