मसालेभातानंतरचा निरोप

प्रसादला मी सोडणार नव्हते. कंपनीला तोंड नसतं. प्रसादला होतं, आणि त्या तोंडात मी चार वर्षं दर शनिवारी गरम गरम घास घातले होते.

स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठातून भूगर्भशास्त्रात पीएचडी करून तो इथे, डॅलसजवळच्या अर्विंगला आला, तेव्हा त्याला कुकरसुद्धा लावता येत नव्हता. नोकरी तेल-गॅसच्या कंपनीत. तेलाबरोबर जमिनीतून खारं, घाण पाणी वर येतं; ते ही कंपनी खोल विहिरीत दाबून परत आत सोडते. विहीर आमच्या घरापासून सहा मैलांवर. ती सुरू झाली आणि जमीन हादरायला लागली. मार्चमधल्या एका हादऱ्यात आमचं विटांचं धुराडं कोसळलं. खाली अनिल, माझा नवरा, कुंड्यांना पाणी घालत होता.

मी दावा लावला. कंपनीचा अहवाल आला, त्याखाली प्रसादची सही. हादरे नैसर्गिक, धुराडं जुनं, घरमालकाची हयगय. म्हणजे अनिल स्वतःच्या हयगयीनं मेला म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खटला उभा राहण्याआधी त्याची शपथेवरची जबानी वकिलांच्या ऑफिसात झाली. नवा सूट घालून आला होता, माझ्याकडे बघत नव्हता. माझी वकील नीना डॅलसमध्येच जन्मलेली. मराठी तिला कळतं, बोलते इंग्रजीच. तिनं विचारलं, हादरे पाण्यामुळे बसताहेत अशी शंका अपघाताआधी कधी आली होती का?

"नो."

कोणाला सावध केलं होतं?

"नेव्हर." शपथेवर.

नीनानं माझा फोन टेबलावर ठेवला. प्रसादचे एक्केचाळीस व्हॉइस मेसेज आम्ही नियमाप्रमाणे कंपनीला आधीच दिले होते. मराठी, त्यातून स्वयंपाकाचे. त्यांच्या वकिलांनी ऐकायची तसदी घेतली नव्हती. पठ्ठ्या स्वतःही विसरला होता.

"काकू, मसालेभात मस्त झाला, फक्त गोडा मसाला जरा जास्त पडला," त्याचाच आवाज सुरू झाला. मग तोंडली, मग मीठ. "आणि काकांना सांगा, धुराड्याजवळ जाऊ नका. हे हादरे आमच्याच पाण्याचे आहेत, मी डेटा चेक केलाय. बॉस ऐकत नाहीये. प्लीज, कोणाला बोलू नका."

दुभाष्यानं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. कंपनीच्या वकिलानं पेन खाली ठेवलं. प्रसाद पांढराफटक पडला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "काकू, मी सांगितलं होतं ना! तुम्ही काकांना बोलला नाहीत?"

आदल्या दिवशी नीनानं मला हेच बजावलं होतं. "मावशी, धिस विल हर्ट यू टू." मी म्हटलं होतं, लाव तू तो मेसेज.

"नाही बोलले," मी म्हणाले. "तुझे मेसेज लांबलचक. तो मसालेभातापर्यंत ऐकला आणि बंद केला. उरलेला ऐकला तो अनिलच्या तेराव्यानंतर."

दुभाषा घुटमळला. मी त्याला म्हटलं, "हेही सांगा. सगळं लिहून घ्या."

मग प्रसादकडे वळले. "हयगय अनिलची नव्हती, माझी होती. ती मी चारचौघांत कबूल केली. आता तू काय केलंस, ते तुझ्या तोंडानं सांग. मी इथेच बसलेय."