एका कडव्याची चक्कर

हेमालीच्या लग्नाला चार दिवस उरले होते आणि धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, सीडीवर वाजवायचे, असं तिच्या बापानं, महिपतनं, ठरवून टाकलं होतं. वरसाव्यात पन्नास वर्षं ज्या धवलारणीशिवाय कुणाची हळद लागली नाही, त्या सावित्रीच्या स्वतःच्या नातीच्या लग्नात सीडी!

कारण एकच. दोन आठवडे म्हातारीला चक्कर येत होती.

"आये, मांडवात पडलीस तर?"

"तुझे सीडीला नवरीचा नाव ठाव हाय काय? कुनाचे पन पोरीचा नाव घेऊन बसल ती!"

पण महिपत हलला नाही. शेवटी सून नीलम तिला केबिन रोडवर कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. आत जाण्याआधी हातात दोन पानी कागद मिळाला. नुसते प्रश्न. सावित्री दुसरीतून शाळा सोडून मिठागरावर गेलेली. परीक्षेचा तिला तेव्हापासून राग.

नीलम वाचायला लागली. "आजूबाजूचं फिरतं, की नुसतं हलकं वाटतं?"

"घर फिरतं. तुझा नवरा पन फिरतो, पन त्यो रोजचाच."

"कूस बदलल्यावर येते?"

"उजवे कुशीवर. डावीवर न्हाय."

"ऐकायला कमी येतं?"

"तू मोबाईलवर आईशी कुजबुजतेस ना, त्यातला शब्द न् शब्द सांगू?"

नीलमनं घाईघाईनं 'नाही'वर खूण केली. "चक्कर किती वेळ टिकते? सेकंद, मिनिटं की तास?" आणि विचारता विचारताच तिनं 'तास'वर पेन टेकवलं. रोज सकाळभर सासू पडून असते, हे ती बघत होतीच.

"खोटा लिवू नको," सावित्री म्हणाली. मग आवाज खाली आला. "पडून रातंय ती भ्यानं. परत फिरल म्हनून. फिरतं ते कवरा? हलदीचे धवल्याचा एक कडवा. खाट धरतंय, कडवा बोलतंय, कडवा सरला का घर जागेवर."

डॉक्टर सुचेता दारात उभ्या होत्या. "मावशी, म्हणा बघू ते कडवं." नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

सावित्रीनं पदर सारखा केला आणि सुरू केलं. रांगेतला खोकणारा माणूस खोकायचा थांबला.

"बावीस सेकंद," डॉक्टर हसल्या. "चला आत. कागदावरून संशय आला, आता खात्री करू."

आत उजवीकडे मान वळवून झटकन आडवं केलं, तेव्हा सावित्रीचे डोळे भिंगरीसारखे भिरभिरले. तिनं नीलमचा हात असा आवळला की बांगडी वाकली. मग डॉक्टरांनी मान हळूहळू, टप्प्याटप्प्यानं दुसरीकडे फिरवली आणि उठवून बसवलं. कानातले बारीक खडे जागा सोडून भटकले होते, म्हणाल्या.

"मिठाचे असतील," सावित्री म्हणाली. "लगनात गाऊ ना?"

"उद्या सकाळी कूस बदलून बघा. फिरलं नाही तर खुशाल गा. फिरलं तर परत या."

दुसऱ्या दिवशी उजाडताच सावित्रीनं खाट धरली, डोळे मिटले आणि उजवीकडे वळली. कडवं संपलं. काही फिरलं नाही. ती डावीकडे वळली, परत उजवीकडे, परत डावीकडे. खाट करकरायला लागली तसा महिपत धावत आला.

"आये, काय होतंय?"

"काय व्हयाचा न्हाय! बघत काय रातस? जा, पोरींना बोलव. माझे मागं कडवा झेलाला चार गले लागतील, आन् तुझी हेमाली पन बसव. नवरी झाली म्हनून काय झाला, शिकल तरी!"